अंथरूण पाहून पाय

(शताब्दी सोहळ्यात केलेले भाषण)



मी शेतकरी माणूस, शिक्षण चौथीपर्यंत. दिंडीला 100 वर्षं झाली, चार शब्द बोला, अशी आज्ञा झाली. ज्ञान सांगायला इथं अधिकारी मंडळी आहेत. मी एका म्हणीबद्दल बोलतो.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे.’ शाळेत ऐकली, सोसायटीच्या सभेत ऐकतो, कीर्तनातही येते. शेतकऱ्याला कर्ज झालं की त्याच्या दारात पहिली हीच म्हण येऊन बसते.

म्हण खोटी नाही. पोरीच्या लग्नात डीजे लावायचा का, हजार पानं उठवायची का, तिथं ती जरूर सांगावी. खिशात किती आहे ते तिथं आधी माहीत असतं.

पण शेतीचं बघा. ज्याला एक तारखेला पगार, त्याचं अंथरूण आधीच टाकलेलं असतं. आपलं उलटं. उन्हाळी कांदा घ्या. रोप टाकायचं ऑक्टोबर-नोव्हेंबरात, लागण डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्च-एप्रिलात. बी, नांगरट, लागणीची मजुरी, खत, फवारणी, काढणी, हा सगळा पाय आधीच पसरलेला. अंथरूण दिसतं कधी? लिलावात. गाडीभाडं, हमाली, तोलाई जाऊन पट्टी हातात पडते, तेव्हा कळतं की ही सतरंजी आहे का हातरुमाल. पाय आधी, अंथरूण मागून. मग त्यानं पाहायचं काय?

आणि अंथरूणही फाटत चाललंय. आजोबाची 20 एकर, चार भावांत पाच-पाच, पुढं दोन पोरांत अडीच-अडीच. कुणाचे पाय लांब झाले नाहीत.

1972 च्या दुष्काळात मी पोरसवदा होतो. खडी फोडायच्या कामावर काटकसरीचा माणूस अन् उधळ्या माणूस एकाच रांगेत बसले होते. दोघांना सुकडी तीच, मिलोची भाकरी तीच. दुष्काळानं कुणाची वही तपासली नाही.

अडचणीतल्या माणसाला ही म्हण सांगितली की होतं काय? तो गप होतो. चूक तुझीच, एवढंच त्याला ऐकू येतं. मग तो पारावर येत नाही, भजनाला येत नाही. ‘यंदा वारी जमत नाही’ म्हणतो. पुढं काय घडतं ते आपल्या गावांनी पाहिलं आहे. अशा घरी दहाव्याला प्रवचनाला मला बोलावतात. समोर त्याची म्हातारी आई बसलेली असते. आणि मागं उभी राहून माणसं तीच म्हण हळू आवाजात बोलत असतात. माउली, तिला ती ऐकू जाते.

आपल्या तुकोबारायांचं घर महाजनकीचं, वाण्याच्या धंद्याचं. दुष्काळात धंदा बुडाला, थोरली बायको अन्नावाचून गेली. घरात लोकांची कर्जखतं होती. परंपरा सांगते की त्यांनी धाकट्या भावाचा अर्धा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली. त्यांनी कुळांना बसवून काटकसर शिकवली नाही. ज्यानं स्वतः भोगलं होतं, त्याला समोरच्याचं कळलं.

दुसरी गोष्ट तुम्ही दरवर्षी डोळ्यांनी पाहता. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामावर समाजआरती असते. चोपदार चोप उंच करतात, सगळे टाळ थांबतात. पण ज्या दिंडीची तक्रार आहे, ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिथं जाऊन ऐकून घेतात. तिचे टाळ थांबले की मगच आरती. एवढा लाखोंचा समाज एका दिंडीसाठी उभा राहतो. ‘तुमचं तुम्ही बघा’ असं तिला कुणी म्हणत नाही.

आणि राहुटीत आपलं अंथरूण कसं असतं? एक ताडपत्री, तिच्यावर पंचवीस माणसं. रात्री पावसात भिजून कुणी उशिरा आला, तर त्याला कुणी म्हण सांगतं का? ‘सरका रे जरा’ म्हणतो आणि सगळे पाय आखडून घेतात. त्याची जागा होते.

म्हणून शताब्दीला माझं मागणं एवढंच. वारीच्या आधी आपण भिशी गोळा करतो. तेव्हा जो ‘यंदा जमत नाही’ म्हणाला, त्याचं नाव वहीतून खोडू नका. दोघा-तिघांनी त्याच्या घरी जा. चहा घ्या, त्याला बोलू द्या. सोसायटीचं किती, बँकेचं किती, सावकाराचं किती, कागदावर मांडा. सावकार बिगरपरवान्याचा असेल तर तालुक्याला सहायक निबंधकाकडं तक्रार करता येते, त्याच्यासंगं जा. पेरणी अडली असेल तर एक दिवस सगळ्यांनी औतं घेऊन जा. त्याची भिशी दिंडीनं भरावी आणि त्याचा बोभाटा करू नये.

100 वर्षं ही दिंडी चालली ती एकमेकांना जागा देत चालली. पुढंही तशीच चालावी, एवढीच पांडुरंगाच्या चरणी प्रार्थना.

रामकृष्णहरी!