शेततळ्यातील मासे आणि ठिबकाच्या गाळण्या



जालना जिल्ह्याला पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. २०१२-१३ च्या अवर्षणात येथील मोसंबीच्या बागा शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत वाळून गेल्या. त्याच काळात जालना तालुक्यातील कडवंची गावाने पाणलोट विकास आणि शेततळी यांच्या बळावर आपल्या द्राक्षबागा जगविल्या. पुढे २०१६ मध्ये राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाली आणि शेततळे हा अनेक फळबागांचा उन्हाळ्यातील आधार ठरला.

या साठ्यात मासे वाढवून जोडउत्पन्न मिळविणे हा विचार स्तुत्यच होय. तथापि मत्स्यबीज निवडताना ठिबक संचाचा विचार झाला नाही, तर एक उत्पन्न दुसऱ्याच्या मुळावर येते.

कटला पृष्ठभागाजवळ चरतो, रोहू मधल्या थरात, तर मृगळ तळाशी. सायप्रिनस, म्हणजेच कॉमन कार्प, हाही तळाशीच चरतो. परंतु त्याची रीत निराळी आहे. किडे व अळ्या यांच्या शोधात तो तळाचा चिखल तोंडाने उकरतो आणि नको असलेला गाळ पुन्हा पाण्यात सोडतो. मातीच्या तळ्याचे काठही तो पोखरतो. १९५७ मध्ये बँकॉकहून भारतात आणलेली त्याची जात झपाट्याने वाढणारी असल्याने लोकप्रिय झाली. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या तळ्यातही धूळ, पाण्याबरोबर आलेला गाळ आणि उरलेले खाद्य तळाशी साचते. तेवढे या माशाला पुरेसे असते.

ठिबक संचातील जाळीची गाळणी सामान्यतः १२० मेशची असते. तिची छिद्रे सुमारे १३० मायक्रॉनची असतात, तर चिकणमातीचे कण २ मायक्रॉनहूनही लहान असतात. रव्याच्या चाळणीतून पीठ जावे, तसे ते गाळणीतून निसटतात. उपनळ्यांच्या टोकाशी, जेथे प्रवाह मंद होतो तेथे साचतात आणि तोट्या बुजवितात. जाडे कण गाळणीतच अडकून पाण्याचा दाब कमी करतात. परिणामी बागेच्या टोकाची झाडे प्रथम सुकू लागतात. नेमक्या वैशाखात हे घडले, तर अनेक वर्षांचे कष्ट वाया जातात.

म्हणून उपायांचा प्रारंभ तळ्यापासूनच करावयास हवा. ठिबकासाठी वापरल्या जाणाऱ्या तळ्यात कटला व रोहू यांना प्राधान्य द्यावे, सायप्रिनस टाळावा. तो आधीच सोडला असल्यास उन्हाळ्यापूर्वी जाळे टाकून काढून घ्यावा. तोपर्यंत पेंड व कोंडा पाण्यात टांगलेल्या पाटीतून नियमित द्यावा. भुकेला मासा तळ अधिक उकरतो.

दुसरी बाब पंपाच्या फूटव्हॉल्व्हची. तो तळाशी टेकू नये. तरंगत्या रिकाम्या पिंपाला बांधून पृष्ठभागाखाली सुमारे अर्धा मीटर ठेवावा, म्हणजे वरचे शेवाळ आणि खालचा गाळ दोन्ही टळतात. त्याभोवती बारीक जाळीचा पिंजरा असावा.

यानंतर गाळण्यांचा क्रम येतो. आधी वाळूची, मग जाळीची गाळणी असावी. दोन्ही बाजूंच्या दाबमापकांतील फरक दर चौरस सेंटिमीटरला ०.५ किलोपर्यंत पोहोचताच वाळूची गाळणी उलट प्रवाहाने धुवावी आणि जाळी काढून स्वच्छ करावी. उपनळ्यांची टोकेही वेळोवेळी उघडून पाणी सोडावे.

शिक्षकांना हे शाळेतच दाखविता येईल. तळ्याचे गढूळ पाणी काचेच्या दोन बाटल्यांत भरावे. एक स्थिर ठेवावी, दुसरी तासातासाने हलवावी. स्थिर पाण्यातही २ मायक्रॉनच्या कणास एक मीटर खाली बसण्यास सुमारे तीन दिवस लागतात. जे पाणी रोज ढवळले जाते, ते निवळणार कधी?

पंचायत सदस्यांनी मत्स्यबीज खरेदीपूर्वी हा विषय ग्रामसभेत मांडावा. मासे आणि फळबाग ही दोन्ही एकाच तळ्यावर सुखाने नांदू शकतात. त्यासाठी तळाचा गाळ तळाशीच राहील, एवढी दक्षता घ्यावयास हवी.