नाही म्हणणाऱ्यांचं ऐकू द्या

मंडळी, तुमच्यातल्या काहींच्या सुना ख्रिस्ती आहेत, काहींचे जावई ज्यू, आणि नातवंडांना कोणता धर्म शिकवायचा हा घरोघरचा प्रश्न आहे, असं तुमच्या पत्रात होतं. मी यवतमाळचं सांगतो. कुणाच्या तरी कामी येईल.

माझ्या आजीने महानुभाव पंथाचा उपदेश घेतला होता. आजोबा चतुर्थीला कळंबला जायचे, पायऱ्या उतरून चिंतामणीचं दर्शन घ्यायचे आणि प्रसाद आणायचे. आजी म्हणायची, "मले नाही चालत, तू खाय." ती पंचकृष्णांना मानायची, इतर देवतांचा प्रसाद घेत नसे. तिने मला कधी अडवलं नाही आणि आजोबांनी तिला कधी आग्रह केला नाही. शेजारच्या काकू बौद्ध. गणपतीत आमच्याकडे जेवायला यायच्या, आरतीला थांबायच्या नाहीत. त्याला कारण होतं : 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत गौरी-गणपतीला देव न मानण्याचीही प्रतिज्ञा आहे.

आता शेजारच्या वर्धा जिल्ह्यातलं सेवाग्राम बघा. तिथल्या प्रार्थनेत जपानी बौद्ध मंत्र, उपनिषद, कुराण, पारशी प्रार्थना, सगळं एका बैठकीत येतं. मला ती फार आवडते. पण तिथे सगळे मिळून एक गोष्ट म्हणतात. आमच्या घरात कुणीतरी 'नाही' म्हणायचं. मुलांना या दुसऱ्या शिकवणीचीच जास्त गरज आहे. 'सगळे धर्म एकच सांगतात' असं सांगून आपण मुलाला गप्प करतो, तेव्हा काकूंवर अन्याय करतो. जातीचा जाच नाकारण्यासाठी त्यांच्या आईवडिलांनी जुने देव सोडले. ते का सोडले, हे मुलाला कळलंच पाहिजे.

(प्रश्न : नातू सुनेबरोबर चर्चमध्ये जातो. तिथली भाकर त्याने घ्यावी का?)

चर्च कॅथलिक असेल तर ती भाकर तिथल्या दीक्षितांसाठीच असते. त्याचा बाप्तिस्मा झालेला नसेल तर त्याने बाकावर आदराने बसून राहावं. त्यामागचं कारण सुनेला सांगू द्या, तुम्ही सांगू नका.



  

तर विनंती एवढीच. घरात ज्याला जे चालत नाही, त्याचं कारण त्यानेच मुलांना सांगावं. बाकीच्यांनी मध्ये बोलू नये. मूल मोठं झालं की काय मानायचं ते त्याचं त्याने ठरवावं, आणि तेव्हा ते आपल्याला 'नाही' म्हणालं तरी त्याचं ताट आपल्याच पंगतीत असावं.