गाण्यात राहिलेली माणसे

रायपूरच्या शंकर नगरात राहून सरकारी नोकरी करताना अपघातांचे आणि दुष्काळाचे पुष्कळ अहवाल माझ्या हातांखालून गेले. प्रत्येकात एक रकाना ठरलेला असतो : मृतांची संख्या. तो भरला, खाली सही झाली, की कचेरीपुरते प्रकरण मिटते. गावापुरते ते मिटते का, हा प्रश्न मला छत्तीसगडातील गाणी ऐकताना पडला.

इकडे देवार नावाची भटक्या गायकांची जमात आहे. ते ‘दसमत कैना’ ही लोकगाथा गातात. तलाव खोदणाऱ्या मजुरांतील रूपवती दसमतवर राजाचे मन गेले. तिने त्याला नाकारले आणि शेवटी प्राण दिले. माती वाहणाऱ्या बाईची नोंद कोणते दप्तर ठेवणार? ती देवारांच्या गळ्यात राहिली.

ही रीत आपल्याच देशापुरती आहे असे नव्हे. आयर्लंडात १८२८ च्या सप्टेंबरात अ‍ॅनाडाऊन गावाहून गॉलवेच्या बाजाराला निघालेली एक होडी बुडाली. राफ्टरी या अंध कवीने त्या दुर्घटनेवर आयरिश भाषेत शोकगीत रचले. त्यात मृतांची संख्या आहेच. पण तिच्या जोडीला नावेही आहेत. ते गीत आजही गाइले जाते.

आपल्या महाराष्ट्रात हे काम जात्यावरच्या ओवीने केले. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर निवर्तले, तेव्हा अक्षरओळख नसलेल्या कित्येक बायांनी तो शोक ओव्यांतून सांगितला. जणू घरातलेच वडीलधारे माणूस गेले होते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव हिंडून ज्या ओव्या जमविल्या, त्यांची संख्या लाखावर गेली. त्यांत अशाही ओव्या आहेत.

आता घरोघरचे जाते थांबले आहे. अहवाल मात्र लिहिले जातात, आणि ते लिहिलेच पाहिजेत; मागे राहिलेल्यांना मदत त्यांच्याच आधाराने मिळते. परंतु गेलेला माणूस कोणाचा कोण होता, हे त्या कागदावरून कळत नाही.

श्रोतेहो, आपल्या घरी वृद्ध आजी असेल, तर तिला आठवणारी एखादी ओवी जरूर लिहून घ्या. ती कोणासाठी म्हटली होती, हेही विचारा. ते नाव विसरले गेले, तर उरेल तो केवळ रकान्यातला आकडा.