लेखाला उत्तर हवे



अध्यक्षाने विषयाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. ती बाजूला ठेवून मी आज एका नियतकालिकाची हकीकत सांगणार आहे. ‘माइंड’ हे नाव आपण सगळ्यांनी तळटीपांमध्ये वाचलेले असते. पण त्याचे जुने अंक एकामागून एक वाचत गेले की जे दिसते, ते तळटीपेत मावत नाही.

‘माइंड’चा पहिला अंक लंडनमध्ये जानेवारी 1876 मध्ये निघाला. ॲबर्डीनचे प्राध्यापक अलेक्झांडर बेन यांनी त्यासाठी पदरचा पैसा घातला आणि संपादनाचे काम आपला विद्यार्थी जॉर्ज क्रूम रॉबर्टसन याच्यावर सोपवले. मानसशास्त्राला विज्ञान म्हणता येईल की नाही, याचा निकाल या त्रैमासिकातून लागावा अशी रॉबर्टसनची इच्छा होती. म्हणून उपशीर्षकात मानसशास्त्र आधी होते आणि तत्त्वज्ञान नंतर.

दुसऱ्याच वर्षी एक सुंदर गोष्ट घडली. मुले भाषा कशी शिकतात यावर इपोलित तेन या फ्रेंच विचारवंताचा लेख अंकात आला. त्यात त्याने आपल्या लहान मुलीची निरीक्षणे दिली होती. तो लेख वाचून चार्ल्स डार्विनने 37 वर्षांपूर्वीची आपली टिपणवही बाहेर काढली. थोरल्या मुलाच्या जन्मापासून त्याने ती लिहिली होती. बाळ सात दिवसांचे असताना त्याच्या उघड्या तळव्याला कागदाचा कपटा लावला, तर त्याने पाय झटकन मागे घेतला आणि बोटे मुडपली, अशी एक नोंद त्यात आहे. त्या वहीच्या आधाराने डार्विनने लिहिलेला लेख ‘माइंड’च्या पुढच्याच अंकात छापून आला. इतकी वर्षे घरात पडून असलेली वही बाहेर आली, कारण कोणीतरी काहीतरी लिहिले होते आणि त्यावर आपल्याजवळही सांगण्यासारखे आहे असे दुसऱ्याला वाटले.

आता 1905. संपादक होते जी. एफ. स्टाउट. बर्ट्रांड रसेलने ‘ऑन डिनोटिंग’ हा लेख पाठवला. स्टाउटना तो इतका विपरीत वाटला की, याचा फेरविचार करा, आहे तसा छापायचा आग्रह धरू नका, अशी त्यांनी विनवणी केली. रसेलनेच ही आठवण पुढे लिहून ठेवली आहे. रसेल हटला नाही आणि स्टाउटनी लेख छापला. पटत नसलेला लेख छापणे हे संपादकाचे फार मोठे काम आहे, आणि स्टाउट यांच्याबद्दल मला आदर वाटतो तो एवढ्यासाठीच.

लेखातले उदाहरण आपल्याला ठाऊक आहे: ‘फ्रान्सचा आजचा राजा टकला आहे.’ वर्गात मी फ्रान्सचा राजा दूर ठेवते आणि ‘आजच्या पेशव्यांना पगडी शोभते’ हे वाक्य फळ्यावर लिहिते. पेशवाई 1818 मध्ये संपली. मग हे वाक्य खरे, खोटे, की निरर्थक? रसेलचे म्हणणे असे की या वाक्याच्या पोटात तीन विधाने आहेत: असा एक माणूस आहे, असा एकच आहे, आणि त्याला पगडी शोभते. पहिलेच विधान खोटे, म्हणून सगळे खोटे. मुले थोडा वेळ गप्प बसतात. मग मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास म्हणते, “पण मॅडम, खोटे कसे? तो प्रश्नच येत नाही.”

हेच उत्तर ‘माइंड’मध्ये छापून यायला 45 वर्षे लागली. 1950 मध्ये पी. एफ. स्ट्रॉसन या तिशीच्या अध्यापकाने लिहिले की असे वाक्य बोलणारा माणूस राजा आहे हे सांगत नसतो, ते गृहीत धरत असतो. गृहीतच ढासळले की खरे-खोटे करण्याचा प्रश्न उरत नाही. रसेलचा लेख आला तेव्हा स्ट्रॉसनचा जन्मही झालेला नव्हता. 1957 मध्ये, वयाच्या 85 व्या वर्षी, रसेलने त्याला पुन्हा ‘माइंड’मध्येच उत्तर दिले. एका त्रैमासिकाच्या पानांवर अर्धशतकाहून जास्त काळ एक वाद चालू राहिला. नियतकालिकाची व्याप्ती कशी मोजायची असे मला कोणी विचारले, तर मी या तीन तारखा सांगेन.

विषयांची यादी करायची तर तीही लांबलचक होईल. विल्यम जेम्सचा भावनांवरचा लेख 1884 मध्ये इथेच आला, काळ मिथ्या आहे असे सांगणारा मॅक्टॅगर्टचा लेख 1908 मध्ये आला, आणि यंत्राला विचार करता येईल का हा ॲलन ट्युरिंगचा प्रश्न 1950 मध्ये, स्ट्रॉसनच्या लेखानंतरच्या अंकात. पुढे शंभरीच्या उंबरठ्यावर उपशीर्षकातून मानसशास्त्र गेले. तोवर त्या शास्त्राने आपला वेगळा संसार थाटला होता. भारतीय दर्शनांना मात्र त्या पानांवर कधीच पुरेशी जागा मिळाली नाही.

आणि एक डागही सांगायला हवा. 1959 मध्ये अर्नेस्ट गेल्नरने ऑक्सफर्डच्या भाषिक तत्त्वज्ञानावर कडाडून टीका करणारे पुस्तक लिहिले. तेव्हाचे संपादक गिल्बर्ट राइल यांनी, यात शिवराळपणा आहे असे सांगून, पुस्तकाचे परीक्षण छापायला नकार दिला. रसेलने ‘टाइम्स’ला पत्र लिहून निषेध केला आणि त्या वृत्तपत्रात पत्रांची सरबत्ती कितीतरी दिवस चालली. म्हणजे उत्तर द्यायचे ते दिलेच गेले, पण ‘माइंड’च्या बाहेर. राइल फार मोठे तत्त्वज्ञ होते. पण संपादक म्हणून इथे ते चुकले असे माझे स्पष्ट मत आहे. पुस्तक उद्धट असेल तर परीक्षणात तसे लिहावे. दार लावून घेऊ नये.

हे सगळे मी इथे, मराठीत, का सांगते आहे? कारण पूर्वपक्ष मांडल्याशिवाय सिद्धान्ताकडे वळायचे नाही ही शिस्त आपल्याकडची आहे. तिला आधुनिक काळात घर मिळाले ते खानदेशात, बोरी नदीकाठच्या अमळनेरला. प्रताप शेठजींच्या दानातून 1916 मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. साने गुरुजीही उमेदीच्या काळात तिथे राहून गेले. तिथून निघणाऱ्या ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’त कृष्णचंद्र भट्टाचार्यांचे लेख येत. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिथल्या तिघांनी अज्ञान या एकाच प्रश्नावर आपापला पक्ष लिहिला आणि 1933 मध्ये तिन्ही निबंध एकाच पुस्तकात छापले. गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या गावात ही माणसे अविद्येचा आश्रय कोणता यावर वाद घालत होती, हे आठवले की मला आजही बळ येते.

पुढे पुणे विद्यापीठातून 1973 मध्ये ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ सुरू झाले आणि काही वर्षांनी मराठीत ‘परामर्श’ आले. हे नाव फार विचारपूर्वक ठेवलेले आहे. धूर आहे तिथे अग्नी असतो हे आपल्याला माहीत असते, आणि समोरच्या डोंगरावर धूर दिसत असतो. पण ‘अग्नीची व्याप्ती असलेला तोच हा धूर या डोंगरावर आहे’ असे दोन्हींना जोडणारे ज्ञान होत नाही तोवर अनुमिती होत नाही. त्या जोडणाऱ्या ज्ञानाला नैयायिक परामर्श म्हणतात. एकाने नियम सांगावा, दुसऱ्याने धूर दाखवावा आणि तिसऱ्याने दोन्ही एकत्र आणावे, हे काम त्रैमासिकाचेच आहे.

1983 मध्ये पुण्यात मे. पुं. रेगे, दया कृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष करून दाखवले. रसेलची प्रपोझिशनची कल्पना संस्कृतात मांडून ती शास्त्रीपंडितांपुढे ठेवली आणि नैयायिकांनी तिच्यावर आक्षेप घेतले. केंब्रिजच्या रसेलला पुण्यात संस्कृतातून उत्तर मिळाले.

आज आपल्याकडे लेख कमी नाहीत. बढतीच्या गुणांसाठी ते भराभर लिहिले जातात आणि छापलेही जातात. पण गेल्या पाच वर्षांत आपल्यापैकी किती जणांच्या लेखाला छापील उत्तर मिळाले? आपण किती जणांना दिले? सगळे दुखणे इथेच आहे. म्हणून मी विनंती करते की आपल्या नियतकालिकांच्या प्रत्येक अंकात काही पाने फक्त उत्तरांसाठी राखून ठेवावीत आणि मूळ लेखाइतकेच श्रेय उत्तराला द्यावे.

शेवटी स्वतःचे एक देणे सांगते. नोकरीला लागले त्या सुमारास शब्दप्रामाण्यावर माझा पहिला लेख छापून आला. कित्येक महिने कोणी चकार शब्द काढला नाही. मग तालुक्याच्या एका कॉलेजातल्या सरांचे पोस्टकार्ड आले. बारीक अक्षर, निळी शाई, जागा संपली म्हणून शेवटची ओळ समासात आडवी लिहिलेली. “वक्ता आप्त आहे म्हणून त्याचा शब्द प्रमाण, असे आपण म्हणता. पण तो आप्त आहे हे श्रोत्याला कशावरून कळते? अनुमानाने कळत असेल, तर शब्द हे वेगळे प्रमाण उरले कसे?” आक्षेप जुना होता, वैशेषिकांचा. पण माझ्या लेखात त्याला उत्तर नव्हते आणि ते सरांनी नेमके हेरले होते. मी आभाराचे पत्र पाठवले. उत्तर पाठवले नाही, कारण ते माझ्याजवळ नव्हतेच. सर आता नाहीत. कार्ड मी जपून ठेवले आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात मी ते उत्तर लिहिले. अकरा पाने झाली आहेत. उद्या सकाळच्या सत्रात वाचणार आहे. सरांचे कोणी विद्यार्थी इथे आले असतील, तर त्यांनी पुढच्या रांगेत बसावे आणि सरांच्या वतीने मला अडवावे.