घराचा हजेरीपट



चेन्नईच्या वायव्येस असलेले अंबत्तूर हे उपनगर कारखान्यांचे म्हणून प्रसिद्ध आहे. 1964 साली तेथे राज्य शासनाची औद्योगिक वसाहत उभी राहिली. कारखाना आला की हजेरी आली. कामगार केव्हा आत आला व केव्हा बाहेर पडला, याची नोंद दाराशी होते आणि त्या नोंदीवर त्याची मजुरी ठरते. आजच्या व्याख्यानाचा विषय म्हणजे याच हजेरीपटाचा घरातील अवतार होय. तो लिहितो वाय-फायचा राउटर.

राउटरला हे काम मुद्दाम शिकवावे लागत नाही. मोबाइल जाळ्यात शिरला की राउटर त्याला काही मुदतीपुरता एक क्रमांक देतो आणि त्याच्या मॅक पत्त्यासमोर टिपून ठेवतो. मॅक पत्ता म्हणजे 48 बिटांची, 12 अंकाक्षरांत लिहिली जाणारी यंत्राची ओळख. घरातील दिवे-पंखे सांभाळणारी स्वयंचलित यंत्रणा ठरावीक अंतराने राउटरची ही टिपणे वाचते. 2013 साली सुरू झालेली ‘होम असिस्टंट’ ही अशीच एक यंत्रणा. कामावरून परतणाऱ्याचा मोबाइल दिसला की दारातील दिवा लागतो. सगळे मोबाइल दिसेनासे झाले की पंखे थांबतात.

मात्र येणे आणि जाणे ही सारख्याच खात्रीने कळत नाहीत. वीज वाचविण्यासाठी मोबाइल अधूनमधून निद्रिस्त होतो आणि घरात असूनही उत्तर देत नाही. उलट, क्रमांकाची मुदत संपेपर्यंत बाहेर गेलेल्याचे नावही यादीत राहू शकते. म्हणून मुदतीच्या यादीऐवजी त्या क्षणी जोडलेल्या यंत्रांची यादी वाचणे श्रेयस्कर. आणि नाव दिसेनासे झाल्यावरही काही मिनिटे थांबूनच माणूस गेला असे मानावे. वीज गेली आणि राउटर बंद पडला, तर साऱ्या कुटुंबाने घर सोडले असा अर्थ यंत्रणेने काढता कामा नये. अशा वेळी ‘गैरहजर’ न लिहिता ‘अज्ञात’ लिहिणे हाच प्रामाणिकपणा. शिवाय अलीकडचे मोबाइल गोपनीयतेसाठी निरनिराळ्या जाळ्यांना निरनिराळे मॅक पत्ते सांगतात. घरच्या जाळ्यापुरता पत्ता स्थिर ठेवला नाही, तर घरचाच माणूस एखाद्या दिवशी परका ठरावयाचा.

याहून मोठी उणीव वेगळीच आहे. राउटर माणसाला ओळखत नाही, मोबाइलला ओळखतो. अंबत्तूरच्या एखाद्या घराची कल्पना करावी. मुलगा व सून कामावर गेली आहेत, आणि मोबाइल न वापरणारी आजी खोलीत एकटी पडून आहे. हजेरीपटावर घर रिकामे आहे. मे महिन्याच्या दुपारी तिच्या डोक्यावरचा पंखा बंद होतो. म्हणून हालचाल टिपणारे साधन जोडीला असावे, आणि भिंतीवरच्या बटणाचा शब्द नेहमी अखेरचा असावा.

आता प्रश्न उरतो तो नोंदीच्या मालकीचा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 2017 साली खाजगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. 2023 साली वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने संमत केला. परंतु व्यक्तीने खाजगी वा घरगुती कारणासाठी केलेला विदेचा वापर त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. तेव्हा सून किती वाजता बाहेर पडली, मुलगी किती वाजता परतली, ही नोंद घरातील ज्या एका व्यक्तीच्या हाती असेल, तिच्यावर अंकुश घरच्यांनीच ठेवावयाचा असतो.

कारखान्यातील कामगार आपल्या हजेरीविषयी तक्रार करू शकतो. त्याला संघटना असते. घरातील मुलीला तशी सोय नाही. यास्तव यंत्रणा बसविण्यापूर्वी घरातील प्रत्येकाची संमती घ्यावी, जुन्या नोंदी साठवू नयेत आणि नावे शक्य तेथे गाळावीत. दिवा लावण्यासाठी घरात कोणीतरी आहे, एवढे कळले तरी पुरते.