अवघड दाढ काढायची वेळ आली तर

मी बोर्ली पंचतनहून बोलतेय. गटाच्या बैठकीत बचत आणि हप्त्यांचं बोलणं संपलं की दुखणी निघतात, आणि त्यात दाढेचं दुखणं हमखास असतं. गाल धरून बसलेली ताई म्हणते, "लावणी होऊ दे, मग बघू." पैशाची अडचण असतेच, पण भीती त्याहून मोठी असते. म्हणून दाढ काढताना आणि नंतर काय काय होतं ते आज सांगते. आधी ठाऊक असलं की निम्मी भीती जाते.

सगळ्याच दाढा अवघड नसतात. अक्कलदाढ साधारण १७ ते २५ वयात येते. जबड्यात जागा नसली की ती आडवी वाढते किंवा हाडात अडकते. कधी दाढ किडून वरचा भाग तुटतो आणि मुळं आतच राहतात. अशा वेळी आधी एक्स-रे काढतात.

आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी दाखवा. श्रीवर्धन किंवा माणगावच्या सरकारी रुग्णालयात दातांचे डॉक्टर कुठल्या वारी असतात, तेही विचारून घ्या. मुंबईला नातलग असतील तर सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि मुंबई सेंट्रलला नायरचं दंत महाविद्यालय आहे.

डॉक्टरांपासून काही लपवू नका. साखर, बीपी, हृदयाचा आजार, दिवस गेलेले असणं, पाळणा लांबवायच्या गोळ्या, मशेरी, सगळं सांगा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका. नुसती जागा बधिर करून दाढ काढणार असतील तर उपाशी जायचं नसतं, थोडं खाऊन जा. सोबत कुणाला तरी न्या.

हिरडीत सुई टोचते तेवढं दुखतं. मग ओठ, गाल, जीभ जड होते. दाब जाणवतो, करकर आवाज येतो, पण कळ येता कामा नये. आली तर हात वर करा, डॉक्टर आणखी औषध देतात. दाढ अडकलेली असेल तर हिरडी थोडी कापतात, दाढेचे तुकडे करून काढतात आणि टाके घालतात. याला २० मिनिटं लागतील, कधी तासभरही लागेल. वरची दाढ काढली की डोळे जातात, असं आपल्याकडे म्हणतात. त्यात काही तथ्य नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दाढेच्या खळग्यात रक्ताची गाठ धरते. ती म्हणजे जखमेवरचं झाकण. ते जपायचं. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. सारखं थुंकू नका. पहिले २४ तास चूळ भरू नका, नळीने काही ओढून पिऊ नका. गरम चहा नको. गार पेज, मऊ भात, ताक चालेल. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ कापडात गुंडाळून धरा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या करा. गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तेवढ्याच घ्या. आणि मशेरी, तंबाखू पूर्ण बंद! जखमेवर मशेरी दाबणं तर अजिबातच नको.

थुंकीला पहिला दिवस गुलाबी रंग येतो. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, तोंड कमी उघडतं, मग हळूहळू उतरतं. याला घाबरू नका. पण कमी होत आलेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढलं, कळ कानापर्यंत गेली, तोंडाला वास येऊ लागला, तर झाकण निघालंय असं समजा आणि डॉक्टरांकडे जा. ते जखम धुऊन औषध भरतात, आराम पडतो. ओठ किंवा जीभ दुसऱ्या दिवशीही बधिर राहिली तर कळवा. बहुतेक वेळा ते हळूहळू भरून येतं.

अर्धा तास बोळा चावूनही रक्त थांबत नसेल किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सूज गळ्याकडे उतरली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर रात्र असली तरी थांबू नका. १०८ ला फोन करा.

शेवटी गटातल्या सगळ्यांना एक विनंती. दाढ काढलेल्या बाईला दोन-तीन दिवस वाकायचं, ओझं उचलायचं काम नको. ती स्वतः सांगणार नाही. तेव्हा शेजारणींनी पाण्याच्या कळश्या आणि एका वेळचं जेवण वाटून घ्या. टाके काढायला सात-आठ दिवसांनी जायचं असतं, त्याची आठवणही करून द्या. आपण कर्जाला एकमेकींची हमी घेतो, तशी दुखण्यातही घेऊया.