डास आणि घरातील साठवणीचे पाणी

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेतील भाषण, संक्षेपाने)



पातूर व परिसरासाठी धूरफवारणीचे यंत्र घेऊन द्यावे, अशी इच्छा काही देणगीदारांनी व्यक्त केली आहे. त्यामागील सद्भावनेबद्दल आम्ही ऋणी आहोत. तथापि ती रक्कम अन्यत्र खर्च व्हावी, अशी आमची नम्र विनंती आहे.

धूर उडत्या डासाला मारतो. पाण्यातील अळीला तो शिवतही नाही. चार-सहा दिवसांत तीच अळी पंख घेऊन बाहेर पडते. शिवाय डेंग्यू व चिकुनगुन्या पसरविणारा एडिस डास गटारात नव्हे, तर आपल्या रांजणात, ड्रममध्ये, हौदात, घरातील स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि दिवसा चावतो. १९७३ साली बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली. नंतर हा आजार जवळजवळ विस्मृतीत गेला आणि २००६ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांत परतला. त्याने माणूस सहसा दगावत नाही. परंतु सांधे महिनोन् महिने धरतात. निंदण्या-वेचणीवर ज्या माउलीचे घर चालते, तिचा हंगामच जातो.

नळ रोज येत नाहीत तेथे ‘पाणी साठवू नका’ असे सांगणे ही थट्टाच होय. पाणी अवश्य साठवावे, परंतु झाकून. आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करून आतून घासावे. केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही, कारण मादी आपली अंडी पाण्याच्या कडेला भांड्याच्या भिंतीवर चिकटवते आणि ती कोरडी राहूनही अनेक महिने जिवंत राहतात. वऱ्हाडातील कूलरचेच पाहा. मृगाच्या सरी आल्या की तो कोपऱ्यात जातो; पुढच्या उन्हाळ्यात त्यात पाणी भरताच गतवर्षीची अंडी फुटू शकतात. जो हौद उपसता येत नाही, त्यात गप्पी मासे सोडावेत.

नातेवाइकांना आणखी एक सांगणे आहे. डेंग्यूत ताप उतरला म्हणजे धोका टळला, असे समजू नये; खरी काळजी तेव्हाच घ्यावी. पोटात तीव्र वेदना, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णाला तत्काळ आणावे. अ‍ॅस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या परस्पर देऊ नयेत. तापाच्या रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवावे, म्हणजे त्याच्यापासून डासामार्फत घरच्यांना लागण होणार नाही.

धुराची गाडी गल्लीतून गेली की काही घडल्याचे समाधान मिळते. घासलेला रांजण कोणाच्या नजरेस पडत नाही आणि त्यावर देणगीदाराचे नावही कोरता येत नाही. तरीही यंत्राच्या रकमेतून ड्रमची झाकणे, तापाच्या रुग्णांसाठी मच्छरदाण्या आणि दर आठवड्यास घरोघरी जाऊन भांडी तपासणाऱ्या एका सेविकेचे मानधन, एवढे करण्याची अनुमती द्यावी. पावसाळ्यापूर्वी निर्णय झाल्यास जुन्या कूलरांपासूनच प्रारंभ करता येईल.